उंची कमी केलेली पोलो जीटी वळणात सरळ का धावते? बेळगावातल्या एका गाडीच्या सस्पेन्शनचं प्रकरण

गाडी २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. इंजिन १.२ लिटरचं टर्बो, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. पासिंग केए-२२, धाव ७८ हजार किलोमीटर. मालक टिळकवाडीत राहतात. रोजचं जाणं-येणं उद्यमबागपर्यंत आणि महिन्यातून दोनदा जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असं करत गोव्याला. कधी आंबोलीमार्गे सावंतवाडी, कधी राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून कोल्हापूर.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "घाट उतरताना वळणात मधीच पुढचं चाक टक् करतंय, आणि गाडी सरळ जायला बघालीय." सोबत आणखी तीन गोष्टी होत्या. काँक्रीटच्या रस्त्यावर जोड आले की मागची बाजू उड्या मारायची. हायवेवर पुलाच्या जोडावरून गेल्यावर गाडी दोन-तीन वेळा हेलकावे खाऊन मगच स्थिर व्हायची. आणि पुढचे टायर १४ हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेने साफ झाले होते.

मालकांची मागणी होती कॉइलओव्हर बसवण्याची, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा पूर्ण सेट. गाडी आणखी दोन सेंटिमीटर खाली घेऊन स्प्रिंग कडक केल्या की वळणात चिकटून जाईल, असा त्यांचा हिशोब होता. प्रत्यक्षात ही गाडी सुधारली ती पुढून ३६ मिमी वर उचलल्यावर. तसं का झालं, हेच या प्रकरणातलं मुख्य सांगणं आहे.

आधी काय केलेलं होतं

दोन वर्षांपूर्वी गाडीत लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंग, बसवल्या होत्या. डब्यावर "४० मिमी" लिहिलेलं. शॉकअप (स्प्रिंगचे हेलकावे आवरणारे शॉक) मात्र कंपनीचे जुनेच ठेवले होते, कारण त्या वेळी "शॉक चांगले हायत, अजून दोन वर्षं काय होत नाही" असं सांगण्यात आलं. टायर १८५/६० आर१५ च्या जागी १९५/६० आर१५. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, स्प्रिंग बदलल्याच्या दिवशी एकदा झालं, त्यानंतर नाही.

हे चित्र बेळगाव, निपाणी, कोल्हापूर पट्ट्यात नेहमी दिसतं. स्प्रिंग स्वस्त पडतात, बदल लगेच डोळ्यांना दिसतो, चाक आणि मडगार्डमधली फट भरून येते. शॉकअप बदललेले बाहेरून दिसत नाहीत, म्हणून ते राहून जातात.

तपासणी

सुरुवात फुटपट्टीने केली. गाडी सपाट फरशीवर उभी केली, टाकी निम्मी, डिकी रिकामी, हवा दारापाशी किंवा पेट्रोलच्या झाकणाआत असलेल्या तक्त्यातल्या आकड्याप्रमाणे. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजलं. जमिनीपासूनची उंची मोजू नये. टायर किती झिजलाय आणि हवा किती आहे यावर ती बदलते. चाकाच्या मध्यापासूनचं माप बदलत नाही. पुढे दोन्हीकडे ३४० मिमी, मागे ३४७ मिमी मिळालं. तुलनेसाठी याच मॉडेलची काहीही न बदललेली एक गाडी त्याच फरशीवर मोजली. तिचं पुढे ३८०, मागे ३८४. म्हणजे पुढून ४० आणि मागून ३७ मिमी खाली.

नंतर गाडी लिफ्टवर घेतली. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा हात) मागच्या बुशचं, म्हणजे सांध्यातल्या तुकड्याचं, रबर पहार लावून हलवल्यावर अर्ध्यापर्यंत फाटलेलं दिसलं. वळणात कलणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या दोन्ही लिंक रॉडमध्ये खेळ होता. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला की उजव्या टॉप माउंटच्या (स्प्रिंग-शॉकची वरची बैठक) बेअरिंगची खरखर हाताला लागायची. मागचे दोन्ही शॉक तेलाने ओले. त्यावर जांभ्याची लाल माती बसून तिचा चिखल झालेला, त्यामुळे गळती पटकन लक्षात येत नव्हती. खानापूर, जांबोटी भागात फिरणाऱ्या गाडीचे शॉक पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, दोन दिवसांनी पुन्हा बघावेत. मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा भाग) बुश चिरलेले होते, पण सुटलेले नव्हते.

चारही शॉक काढून टेबलावर घेतले. बॉनेट दाबून सोडण्याची जी प्रसिद्ध चाचणी आहे तिच्यात फक्त पूर्ण मेलेला शॉक सापडतो. निम्मा गेलेला शॉक तिच्यात सहज पास होतो, आणि या गाडीचे पुढचे शॉक तसे पास झालेही होते. टेबलावर दांडा हाताने आत-बाहेर केल्यावर पुढच्या दोन्हींमध्ये दिशा बदलताना सुमारे १५ मिमी पोकळ हालचाल जाणवत होती, तिथे काहीच विरोध नाही. डाव्या स्ट्रटचा (पुढचा शॉक, ज्यावर स्प्रिंग बसते) दांडा गोल फिरवला तर त्याचं टोक डगमगत होतं. खड्ड्यात बसलेल्या दणक्याने तो किंचित वाकला होता. अलाइनमेंटच्या कागदावर डावीकडचा कँबर (चाक उभ्या रेषेपासून किती कललंय तो कोन; उणे म्हणजे वरून आत) −१°२५′ आणि उजवीकडचा −०°३५′ का दिसत होता, याचं उत्तर तिथे मिळालं.

त्याच कागदावर पुढच्या चाकांचा एकूण टो −०°४०′ होता, म्हणजे चाकं पुढून बाहेर फाकलेली. आतली कड खाल्ली गेली ती मुख्यतः यानेच. पुष्कळ जण दोष कँबरला देतात. पण एवढ्या कँबरने टायर इतक्या लवकर जात नाही. चाक सतत थोडं तिरकं घासत चाललं की जातं. गाडी खाली गेली की लोअर आर्म आणि टाय रॉड (स्टिअरिंगचा चाकाकडे जाणारा दांडा) वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि टो आपोआप बदलतो. म्हणून उंची बदलली की अलाइनमेंट करावंच लागतं, आणि स्प्रिंग थोड्या बसल्यावर पुन्हा एकदा.

"टक्" कुठून येत होतं

हा भाग नीट बघण्यासारखा आहे, कारण सगळ्या निर्णयाचा आधार इथे आहे.

पुढचा एक स्ट्रट स्प्रिंगशिवाय गाडीत बसवला आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) जॅकने हळूहळू वर उचलला. बंप स्टॉप, म्हणजे दांड्यावरचा तो फोमसारखा ठोकळा, जिथे टेकला तिथे थांबून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर घेतलं: ३२८ मिमी. गाडी उभी असताना ३४०. म्हणजे चाकाला वर जायला मोकळी जागा उरली होती फक्त १२ मिमी. करंगळीच्या रुंदीएवढी.

आता वळणातला हिशोब. पोलोच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १४६० मिमी, निम्मं ७३०. साध्या, न दामटलेल्या वळणातही गाडी २ अंश कलते. ७३० ला २ अंशाच्या टॅनने, म्हणजे ०.०३५ ने, गुणलं की बाहेरचं चाक सुमारे २५ मिमी वर जातं. घाट उतरताना ब्रेकवर पाय असतो, त्याने नाक आणखी दहा-बारा मिमी दबतं. गरज ३५ मिमीची, जागा १२ ची. म्हणजे प्रत्येक उताराच्या वळणात ही गाडी स्प्रिंगवर नव्हे, बंप स्टॉपवर उभी राहत होती.

बंप स्टॉप दबला की पुढच्या बाहेरच्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कित्येक पटींनी वाढतो. कलण्याचा सगळा भार पुढच्या बाहेरच्या टायरवर लोटला जातो, त्याची पकड संपते आणि गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते. वळणाच्या मध्यावर डांबराचं ठिगळ किंवा खड्डा आला की दणका थेट बॉडीला. मालकांना ऐकू येणारं "टक्" ते हेच. स्प्रिंग आणखी कडक केल्या असत्या आणि गाडी आणखी दोन सेंटिमीटर खाली घेतली असती तर चाक उभ्या गाडीतच बंप स्टॉपवर बसलं असतं.

दुसरं कारण भूमितीचं. पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन पद्धतीचं, म्हणजे वर स्ट्रट आणि खाली एकच लोअर आर्म असं, आहे. मूळ उंचीला लोअर आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा खाली असतं. गाडी ४० मिमी खाली घेतली की आर्म आडवा होतो, वळणात तर बाहेरचं टोक वर जातं. त्याने दोन गोष्टी बिघडतात. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, तेवढी कलायला लावणारी तरफ लांब होते आणि कडक स्प्रिंगचा फायदा बराचसा तिथेच खर्च होतो. शिवाय आर्म आडव्याच्या वर गेला की चाक दबताना निगेटिव्ह कँबर मिळायचा बंद होतो. टायर बाहेरच्या खांद्यावर चालायला लागतो.

तिसरं, शॉक आणि स्प्रिंगची जोडी जुळत नव्हती. उद्यमबागेत एका शॉपमध्ये स्प्रिंग तपासायचं मशिन आहे, तिथे दोन्ही स्प्रिंग दाबून बघितल्या. ५० मिमी आणि ७५ मिमी दाबल्यावरच्या भारातला फरक २५ ने भागला. लोअरिंग स्प्रिंग ३१ न्यूटन प्रति मिमी, मालकांनी जपून ठेवलेली मूळ स्प्रिंग २३. वाढ ३५ टक्क्यांची. स्प्रिंग इतकी कडक झाली तर तिला तितक्याच प्रमाणात आवरायला शॉकचा जोर वाढीच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १६ टक्के, जास्त लागतो. इथे शॉक नवा असतानाचाही जोर राहिला नव्हता. हायवेवरचे हेलकावे आणि मागच्या उड्या या विसंगतीच्या.

काय निवडलं, काय सोडलं

कॉइलओव्हर सोडले. ते वाईट म्हणून नव्हे. ट्रॅकवर जाणाऱ्या, वर्षातून दोनदा खोलून साफ होणाऱ्या गाडीला ते उत्तम. पण कणकुंबीच्या पावसात आणि लाल चिखलात रोज चालणाऱ्या गाडीत त्यांचे आटे दोन पावसाळ्यांत जाम होतात, आणि उंची बदलायची सोय नावापुरती उरते. शिवाय अशा सेटमधली उंची बहुधा मूळपेक्षा कमीच असते. या गाडीची अडचणच जागेची होती.

मागच्या बीमला बोल्टने लावायचा जादा अँटी-रोल बारही (स्टॅबिलायझर बारचंच दुसरं नाव) सोडला. त्याने गाडी वळायला चटकन तयार होते, हे खरं. पण ओल्या, शेवाळलेल्या घाटात वळणामध्ये दचकून ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर फेकली जाण्याचा धोका वाढतो. धुक्यात, समोरून ट्रक येताना माणूस नेमकं तेच करतो.

निवड अशी ठरली: मूळ स्प्रिंग परत, त्यावर मूळ उंचीसाठी बनवलेले मोनोट्यूब (एकाच नळीचे) गॅस शॉक, सगळे थकलेले रबर नवे, टायर नवे. शॉक घेताना एक गोष्ट सांभाळावी. एकाच कंपनीच्या दोन जाती दिसायला सारख्या असतात. बिलस्टाइनचे उदाहरण घ्यायचं तर बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ खाली केलेल्या गाडीसाठी, आखूड अंगाचे. बी८ मूळ स्प्रिंगवर लावले तर चाक लटकल्यावर स्प्रिंग सैल पडू शकते. लोअरिंग स्प्रिंगच ठेवायची असेल तर मात्र आखूड अंगाचा शॉक आणि २०–२५ मिमीच्या वर खाली न जाणारी स्प्रिंग, एवढ्यावर थांबावं.

लागलेलं सामान: पुढचे २ स्ट्रट, मागचे २ शॉक, २ टॉप माउंट बेअरिंगसह, २ लोअर आर्म, २ लिंक रॉड, स्टॅबिलायझर बारचे २ बुश, मागच्या बीमचे २ बुश, स्प्रिंगखालचे रबर, आणि एकदाच वापरायचे सगळे बोल्ट-नट नवे. हे बोल्ट ठरावीक ताणानंतर कोनात फिरवून आवळायचे असतात, त्यात ते लांबतात. जुने परत लावायची सवय आपल्याकडे फार आहे. चार-पाचशे रुपये वाचतात आणि चाकाजवळचा बोल्ट सैल पडायची टांगती तलवार राहते. सगळा खर्च टायरसकट लाखाच्या आत बसला, निम्म्याहून जास्त शॉकचा.

टायर सगळ्यांत आधी बदलले, आणि मुद्दाम एकटेच. जुन्यांच्या बाजूवर ३२१९ छापलेलं होतं, म्हणजे २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातले. रबर नखाला कडक लागत होतं. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिमीपर्यंत चालते, पण चोर्ल्याच्या पावसात ३ मिमीखालचा टायर पाणी कापत नाही. कंपनीच्याच १८५/६० आर१५ मापाचे, पावसात चांगली पकड असणारे चार टायर घातले आणि मालकांना आठवडाभर गाडी चालवायला सांगितली. ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग सुधारलं. वळणातलं "टक्" आणि सरळ धावणं तसंच राहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलली की कोणत्या पैशाने काय मिळालं ते असं स्पष्ट कळतं.

बसवणी

पुढून. चाकं काढून गाडी स्टँडवर, जॅकवर नाही. लिंक रॉड, ब्रेक होज आणि एबीएसची वायर आधी मोकळी करायची. हब या वायरीवर लोंबकळू द्यायचा नाही. या गाडीत स्ट्रटचं खालचं टोक नकलच्या (हब धरून ठेवणारा भाग) खोबणीत सरकवलेलं असतं आणि आडव्या बोल्टने आवळलेलं. खोबण फाकवायला त्यासाठीचं अवजार वापरावं. छिन्नी ठोकून फाकवली तर नकलला चीर जाऊ शकते. गंज वायर ब्रशने साफ करून नवा स्ट्रट पूर्ण खोल, शेवटपर्यंत बसवायचा. ५ मिमी वर राहिला तरी उंची आणि कँबर दोन्ही बिघडतात.

स्प्रिंग दाबायला दोन चांगले कॉम्प्रेसर, समोरासमोर. तारेने बांधून किंवा नुसत्या वजनाने दाबण्याचा प्रकार जीवघेणा आहे. वरचा नट एअर गनने फिरवू नये. त्याने दांडा आत गरगर फिरतो आणि नव्या शॉकची सील पहिल्याच दिवशी खराब होते. दांडा ॲलन चावीने धरून नट हाताने आवळावा. मोनोट्यूब स्ट्रट पुष्कळदा उलट्या बांधणीचे असतात, बंप स्टॉप त्यांच्या आतच असतो. अशा स्ट्रटवर जुना बंप स्टॉप "असू दे" म्हणून परत घातला तर मोकळी जागा पुन्हा खाल्ली जाते. सोबतचा कागद वाचावा, त्यात हे स्पष्ट असतं.

मागून बीमला खालून आधार देऊनच शॉकचे बोल्ट सोडायचे. बीमचे बुश उद्यमबागेत प्रेसवर काढले आणि घातले. या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. जुना काढण्याआधी बीमवर पंचाने खूण करून ठेवली होती, म्हणून नवा त्याच दिशेने बसला. दिशा चुकली तर मागची बाजू वळणात डगमगते आणि दोष कुठेच सापडत नाही.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी पायरी. लोअर आर्म आणि बीमचे बुशवाले बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं; बोल्ट आवळला की नळी जागेवर गच्च होते. चाक लटकलेलं असताना आवळलं आणि मग गाडी खाली ठेवली, की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. काही महिन्यांत फाटतं, तोवर जादा स्प्रिंगसारखं वागून उंची बिघडवतं. योग्य रीत: बोल्ट हाताने लावायचे, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करायची, पाच-सहा वेळा दाबून सोडायची आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, एकाआड एक.

काय चुकलं

सांगूनही मागच्या बीमचे बोल्ट सवयीने हवेतच आवळले गेले. गाडी खाली ठेवल्यावर मागचं माप ३८९ आलं, अपेक्षेपेक्षा ८ मिमी जास्त. नव्या शॉकमुळे असेल, गॅसचा दाब असतो, असा पहिला तर्क होता. गॅसच्या दाबाने गाडी दोन-चार मिमी वर येते, हे खरंही आहे. पण आठ नाही. बोल्ट सैल केले, गाडी रॅम्पवर दाबली, पुन्हा आवळले. माप ३८१ वर आलं. फुटपट्टी नसती तर ही चूक बुश फाटेपर्यंत कळली नसती.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवताना उजवीकडून "टंग" असा आवाज. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या थांब्याला टेकलेलं नव्हतं, बोटभर मागे राहिलं होतं. स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग ताणून एकदम सुटत होती. स्ट्रट परत काढावा लागला. दीड तासाचं काम, आणि बसवताना एक नजर टाकली असती तर टळलं असतं.

तिसरी गोष्ट अलाइनमेंटची. पहिल्या केंद्रावर रिमच्या कडेला सुकलेला लाल चिखल तसाच असताना क्लॅम्प लावले. आलेले आकडे विचित्र होते: मागच्या बीमचा कोन, जो बदलताच येत नाही, आधीच्या कागदापेक्षा वेगळा. रिम धुऊन दुसऱ्या केंद्रात पुन्हा मोजलं तेव्हा जुळलं. मशिनवर विश्वास ठेवायची साधी परीक्षा आहे. क्लॅम्प काढून परत लावायला सांगा आणि दुसऱ्यांदा मोजून घ्या. पाच मिनिटांपेक्षा (अंशाचा साठावा भाग तो एक मिनिट) जास्त फरक आला तर आधी मोजणी दुरुस्त करा, मग गाडी.

वाकलेला स्ट्रट गेल्याने कँबर डावीकडे −०°३८′ आणि उजवीकडे −०°३०′ आला. या गाडीत पुढचा कँबर स्वतंत्रपणे बदलता येत नाही. सबफ्रेम (लोअर आर्म ज्यावर बसतात ती चौकट) सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात एवढंच, एका बाजूला जेवढं वाढेल तेवढं दुसऱ्या बाजूला घटतं. आठ मिनिटांच्या फरकासाठी सबफ्रेमला हात लावला नाही. टो एकूण +०°०५′ ठेवला. स्टिअरिंग सरळ केल्यावर निदान यंत्राने स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य परत सेट केलं. या गाडीत ईएसपी, म्हणजे घसरताना आपोआप ब्रेक लावून गाडी सावरणारी यंत्रणा, आहे. ते शून्य चुकलं तर दिवा लागतो, किंवा वळणात ईएसपी नको तेव्हा ब्रेक लावतं. ५०० किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासलं, तेव्हा टो दोन मिनिटांनी हलला होता. तसाच ठेवला.

नंतरची मापं

पुढची उंची ३७६ मिमी. मूळ स्प्रिंग इतक्या वर्षांत चार मिमी बसल्या आहेत. नव्या स्ट्रटचा थांबा ३२६ ला लागतो, म्हणजे मोकळी जागा १२ वरून ५० मिमी.

पुढच्या स्ट्रटच्या दांड्यावर एक पातळ केबल टाय बांधला आणि तळाशी सरकवून ठेवला. चाक जितकं वर जातं तितका तो ढकलला जाऊन तिथेच राहतो. दहा रुपयांचा हा उपाय महागड्या सेन्सरइतकाच खरं सांगतो. सकाळी रहदारी नसताना, कणकुंबीच्या पुढे घाट उतरताना, तक्रारीच्याच वळणातून ताशी ५० च्या आत गाडी नेली. टाय ४१ मिमीवर थांबला. ९ मिमी शिल्लक, आणि ठिगळावरही आवाज नाही. गाडी पूर्वीपेक्षा डोळ्यांना थोडी जास्त कलते, पण स्टिअरिंग दिलं तिथे जाते, आणि वळणाच्या मध्यात काही अचानक बदलत नाही. मागच्या उड्या गेल्या. वंटमुरीच्या उतारावर, पुलाच्या जोडानंतर गाडी एकाच हेलकाव्यात स्थिर होते. हंपवर चार माणसं आणि सामान असतानाही खालून घासत नाही. आधी जांबोटीच्या अलीकडे दोन ठिकाणी माणसं उतरवावी लागत होती.

शहरातल्या हळू वेगात, खडीच्या रस्त्यावर गाडी आता मूळपेक्षा कडक जाणवते. मोनोट्यूब शॉक लहान धक्के थोडे जास्त वर पाठवतो. ज्यांना घरच्या ज्येष्ठांना घेऊन रोज फिरायचं आहे त्यांनी नवे, चांगल्या प्रतीचे मूळ दर्जाचे शॉक आणि नवे बुश एवढंच केलं तरी बहुतेक फायदा मिळतो, निम्म्या पैशात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये प्रत्येक बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंडाची, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. चोर्ल्याने जाणारी गाडी दोन राज्यांच्या तपासणीतून जाते. मूळ उंची, मूळ मापाचे टायर आणि मूळ जागेवर बसणारे शॉक ठेवल्याने हा प्रश्न इथे जवळपास उरलाच नाही. तरी शॉकची बिलं जपून ठेवावीत आणि विमा कंपनीला लेखी कळवावं, म्हणजे अपघाताच्या दाव्यात त्यावरून वाद होत नाही.

सहा हजार किलोमीटरनंतर पुढच्या टायरची नक्षी आतून, मधून आणि बाहेरून मोजली. आतल्या आणि बाहेरच्या कडेत फरक ०.२ मिमी. डाव्या लिंक रॉडचा नट पाव फेरा सैल सापडला, तो आवळला. पावसाळा संपल्यावर मागच्या बीमचे बुश पुन्हा बघायचे आहेत, गाडी चाकांवर उभी असतानाच.